कस्तुराबाईंच्या विहिरी

येलहंक्याच्या बाजारात कस्तुराबाईंचं काथ्याच्या दोरांचं दुकान होतं. नवऱ्यामागं त्यांनीच ते सांभाळलं. गिऱ्हाईक आलं की त्या विचारत, "बावी किती हात?" म्हणजे विहीर किती खोल, आणि कोपरापासून बोटापर्यंत हात लावत तेवढा दोर मोजून देत. वीस वर्षं हेच केल्यावर येलहंक्यापासून हेब्बाळपर्यंत कुणाच्या परसात पाणी किती खाली आहे, ते त्यांना तोंडपाठ झालं होतं. विहिरी मात्र त्यांनी फारशा पाहिल्या नव्हत्या. दुकान टाकून जाणार कुठं?

छप्पन साली गुरुराज मास्तरांनी हेब्बाळला घर बांधायला काढलं. आधी विहीर. खोदकाम करणाऱ्या मल्लाप्पाचा दर मातीत हाताला चार रुपये, मुरमात सात, आणि सुरुंग लावून खडक फोडायचा तर पंचवीस. खर्चाचा अंदाज यावा म्हणून मास्तर दुकानात आले.

"तुमच्या शेजारचे देवाप्पा तीस हात दोर नेतात," कस्तुराबाई म्हणाल्या. "तिसांत पाणी लागेल."

तीस हात झाले. पाण्याचा टिपूस नाही, खाली नुसता करडा खडक. मल्लाप्पा म्हणाला, हा खड्डा बुजवा, दुसरीकडं खणू.

मास्तरांनी येऊन एवढंच सांगितलं, दोष दिला नाही. म्हणूनच कस्तुराबाईंना जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मंगळवारी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि बस धरून थेट देवाप्पांचं परस गाठलं. त्यांची बायको गंगव्वा पाणी शेंदत होती. दोर वर येता येता मध्येच एक जाडजूड गाठ आली.

"हे काय गं?"

"पाणी खाली गेलं ना अक्का, म्हणून जुन्याचा तुकडा जोडला. स्वल्पासाठी नवा कशाला घ्यायचा?"

कस्तुराबाईंनी दोर अंगणात पसरून हातानं मोजला. अडतीस भरला. तशाच त्या मास्तरांकडं गेल्या.

"चूक माझी झाली. तुम्ही अजून आठ हात जा."

आठ हात खडक म्हणजे दोनशे रुपये. मास्तर बोटांवर हिशेब करू लागले. त्यांची बायको कमला म्हणाली, "त्या स्वतः मोजून आल्यात. खणू या."

सातव्या हाताला सुरुंग उडाला आणि कपारीतून पाणी आलं, थंड आणि गोड. कमलानं पहिला तांब्या कस्तुराबाईंना दिला. पाठोपाठ जेवायलाही बसवलं.

त्या दिवसापासून मंगळवारी दुकान बंद राहू लागलं. ज्यांना वर्षानुवर्षं दोर विकला, त्यांच्या विहिरी त्या एकेक करून पाहू लागल्या. कुठं कॉफी मिळे, कुठं फणसाचे गरे, आणि गप्पा तर सगळीकडं.

"आज कुठं?" लेक चंद्राबाई विचारी.

"मारतहळ्ळीला. तिथला एकजण म्हणे बारा हातच दोर नेतो. बघून तरी येते," म्हणत त्या चपला पायात सरकवत.