सूर्याचा मुलगा आणि माझा फासा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय — पोरांचा खेळ! असं मीच मला समजावत आलो.

बडोद्यात तेव्हा घरोघरी केबल नुकती येत होती. माझ्या आतेभावानं अमेरिकेहून एका फाशांच्या खेळाचं पुस्तक आणलं आणि कारेलीबागेतल्या आम्ही पोरांनी त्याची झेरॉक्स काढली. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं — कुणी योद्धा, कुणी जादूगार — आणि एकानं गोष्ट चालवायची. राक्षस, राजे, देव, सगळ्यांच्या तोंडचं त्यानंच बोलायचं. तो मी. माझा फासा उभ्या केलेल्या फाइलीच्या आड पडायचा. काय पडलं ते मला एकट्याला दिसायचं.

खेळ सुजयच्या घरी. पुढच्या खोलीत त्याच्या आईची ट्यूशन, मागच्या खोलीत आमची युद्धं. मधेच काकू बडोद्याच्या ओलसर, बटाट्याच्या लिल्या चिवड्याची ताटली सरकवून विचारायच्या, "मेला का रे राक्षस?" त्या दुपारी आठवल्या की अजून बरं वाटतं — आणि लगेच वाटेनासं होतं.

सुजयनं अर्धदेव घेतला होता. आई माणूस, बाप सूर्य. नियम त्याला पाठ: अर्धदेवाची जखम उन्हात भरते, पण मरण चुकत नाही. पुस्तकात नसलेलंही विचारायचा, "बाप वरून बघत असतो का रे त्याला?" मी ऐटीत म्हणायचो, "असतो ना."

सुजयचे वडील बडोद्यातच, हरणीला राहायचे. दुसऱ्या संसारात. एकदा आम्ही दोघं सायकलवर होतो. सिग्नलला त्यांची स्कूटर शेजारी येऊन थांबली. सुजयनं हाक मारली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं — मग समोर बघत राहिले, दिवा हिरवा होईपर्यंत. घराशी आल्यावर सुजय म्हणाला, "कुणाला सांगू नकोस हं."

नाही सांगितलं. तसं नाही सांगितलं.

त्या सुट्टीत सगळ्यांना त्याच्या अर्धदेवाचंच वेड लागलं. गोष्ट माझी, आणि माझं कुणी ऐकेना. हेवा? दुसरा शब्द शोधून पाहिला मी, सापडला नाही.

शेवटी अर्धदेव बापाच्या दरबारात पोचला. नियम असा, की मोठा आकडा पडला तर देव मुलाला आपला म्हणतो. सुजय हात जोडून बसला होता — खेळात कोण हात जोडतं? मी फासा टाकला. वीस. त्या फाशावर त्याहून मोठा आकडाच नसतो.

मी फासा मुठीत घेतला. म्हणालो, "सूर्यदेव तुझ्याकडे बघतो. मग समोर बघत राहतो."

शेजारचा जिग्नेश हसत सुटला, "ले, बापे ज ना पाडी दीधी!" बापानंच नाही म्हटलं! सुजय हसला नाही. शब्द कुठून आले ते त्याला एकट्यालाच कळलं होतं. "किती पडले?" एवढंच त्यानं विचारलं.

"दोन," मी म्हणालो.

तेवढ्यात काकू आल्या. "मेला का रे राक्षस?"

"नाही," सुजय म्हणाला. तो पुन्हा खेळला नाही.

तो बडोद्यातच आहे. लग्नकार्यात भेटतो, 'केम छे' म्हणतो, माझ्या मुलीची चौकशी करतो. त्याचे वडील वारले तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो होतो, बराच वेळ.

वीस पडले होते. हे त्याला सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.