आतून ‘झालं’ येईपर्यंत

समोरच्याचा चहा संपायच्या आत भालेराव त्याची कपबशी उचलून मोरीत नेऊन ठेवत. तळाशी दोन घोट राहिलेले असत. आपण हात पुढे करावा, तर टेबलावर नुसता ओला गोल. बोलण्याचीही तीच गत. मी “परवा डॉक्टर म्हणाले की” एवढं म्हणेपर्यंत ते “कळलं, प्रिंटरची शाई” म्हणून उठलेले असत. डॉक्टर शाईबद्दल अवाक्षर बोललेले नसत. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी जितकी वर्षं काढली, तितकी वर्षं अर्धाच चहा प्यायले.

कोल्हारच्या अलीकडे, रस्त्याला लागून एका ट्रस्टचं लहानसं रुग्णालय होतं. मी तिथं रुग्णांची कार्डं सांभाळायची. आधी शाळेत शिकवत असल्यामुळे सगळे मला बाई म्हणत. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा ट्रस्टनं संगणक घेतला आणि त्याच्यामागोमाग भालेराव आले. ते मूळचे राहुरीकडचे. आई थकली म्हणून पुण्याची नोकरी सोडून आले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या कपाटातली कार्डं टेबलावर ओतली आणि “आता हे कपाट कशाला?” असं विचारलं.

ते कपाट हेच खरं दुखणं होतं. त्यात एड्सच्या रुग्णांची कार्डं होती आणि त्याची किल्ली कुठल्या खिळ्याला असते हे वॉचमनपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. गावात नाव फुटलं की माणसाचं पाणी बंद व्हायचं. शालनबाईंची मला सगळ्यात धास्ती होती. नवरा टेम्पोवर होता, तो याच आजारात गेला. त्या शिर्डीत हार विकत. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, “बाई, कुनाला कळलं तर माज्या हातचा हार देवाला कोन घालील?” कुणाला कळणार नाही, असा शब्द मी दिला तेव्हाच त्या औषधाला तयार झाल्या.

म्हणून डॉक्टरांनी ठरवलं, की प्रत्येक कार्डाचं चित्र संगणकात घ्यायचं, ते सांकेतिक करून टेपवर ठेवायचं, मग संगणकातलं पुसायचं आणि कागद जाळायचा. अडचण विजेची होती. कार्डांची चित्रं मोठी, यंत्र जुनं, आणि संध्याकाळी वीज जायची. काम अर्ध्यात बंद पडे आणि उरलेली कार्डं उघडीच राहत. डॉक्टर वैतागून म्हणाले, महिनाअखेरपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर आपलं कपाट बरं.

भालेरावांनी मला ते आमच्याच औषधांच्या खिडकीवरून समजावलं, अर्थात मी विचारायच्या आत. संगणकाचा जो गाभा, ज्याला ते कर्नल म्हणत, तो म्हणजे आतला कंपाउंडर. कुलूप घालायची, म्हणजे सांकेतिक करायची विद्या त्याच्याकडे. बाहेरच्यानं आत पाऊल टाकायचं नाही, सगळा व्यवहार खिडकीतून. “आता होतं काय, बाई, खिडकीवरचा माणूस प्रत्येक कार्ड उतरवून काढतो आणि ती नक्कल आत देतो. आतून आलेलंही पुन्हा उतरवतो. निम्मा वेळ नकला करण्यात. अहो, कार्डच आत सरकवा ना.”

“मग बाहेर काय उरतं?” मी विचारणार होते. “मग बाहेर” एवढंच झालं.

मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यांनी लिनक्स घातलं होतं. त्याच्या गाभ्यात त्यांनी स्वतःची खिडकी पाडली. मेमरीतलं कार्ड उतरवून न घेता, आहे त्याच जागी कर्नलच्या ताब्यात द्यायचं, अशी. जमलं. वीज जायच्या कितीतरी आधी टेप भरून तयार. डॉक्टरांनी पेढे मागवले. मी म्हटलं, कागद जाळण्याआधी टेपवरचं एकदा उघडून वाचू या. भालेराव म्हणाले, “तपासायचं म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा.” कागद बॉयलरमध्ये गेले.

पुढच्या आठवड्यात शालनबाई यायच्या होत्या म्हणून मी आदल्या दिवशी टेपवरून त्यांचं कार्ड उघडलं. वर नाव त्यांचं, खाली दुसऱ्याच कुणाची औषधं. त्यांच्या कार्डाच्या तळाशी डॉक्टरांनी लाल शाईत लिहिलं होतं, की अमुक गोळीनं अंगभर फोड उठले, जिवावर बेतलं होतं, पुन्हा देऊ नये. ती ओळ नव्हती. गोळी कुठली, हे डॉक्टरांनाही आठवेना. असे रुग्ण पुष्कळ होते.

भालेरावांनी आपल्या खिडकीचा प्रोग्राम उघडून पाहिला. मग स्वतःच म्हणाले, “आतल्याचं व्हायच्या आत मी त्याच जागेवर पुढचं कार्ड ठेवलं.” नक्कल नव्हती, त्यामुळे आत चाललेलं कार्ड हेच बाहेरचं कार्ड होतं. कंपाउंडर वरून खाली कुलूप घालत येत होता आणि हे त्याच्या हाताखालचा कागद बदलून मोकळे झाले होते. मी भयंकर चिडले. संगणकानं दुसरं काय केलं असतं? त्यांनी त्याला स्वतःसारखं वागायला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शालनबाई आल्या. भालेराव आपणहून त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, “मावशी, माझ्या हातून तुमचं लिहिलेलं गेलं. पहिल्यापासून सांगता का?”

त्यांनी खरंच पहिल्यापासून सांगितलं. नवऱ्याचा टेम्पो, दिराचं भांडण, कुठल्या गुरुवारी किती गर्दी होती. मी दाराशी उभी राहून वाट बघत होते, की हे आता तोडतील, आता “कळलं” म्हणतील. त्यांची बोटं मांडीवर वळवळत होती, पण ते गप्प होते. हारांच्या गोष्टीतूनच शेवटी ती गोळी निघाली. “झेंडूवानी पिवळी व्हती. त्या दिशी हात सुजलं, सुई धरवना. त्याच्या आदल्या दिशीच दिल्ती सिस्टरनं.” डॉक्टरांनी तेवढ्यावरून ओळखली.

“झालं, मावशी?” भालेरावांनी विचारलं.

“झालं.”

मग ते उठले. त्यांनी ती खिडकी बुजवली नाही, नकला काढायच्या जुन्या पद्धतीवरही गेले नाहीत. आतून ‘झालं’ येईपर्यंत त्या जागेला कुणी हात लावायचा नाही, एवढाच नियम घातला. आणि यापुढे मी वाचल्याशिवाय कागद जाळायचा नाही, हेही कबूल केलं. काम किंचित मंदावलं, तरी विजेच्या आधी होऊ लागलं. बाकीच्या रुग्णांची कार्डंही अशीच त्यांना विचारून पुन्हा लिहिली. शालनबाईंचा हारांचा स्टॉल पुढे कितीतरी वर्षं चालला. माझा कप मात्र दुसऱ्याच दिवशी मोरीत गेला. यंत्राला आली ती अक्कल माणसाला यायला काय हरकत होती, असं मी त्यांना अनेकदा म्हणणार होते.

गेल्या महिन्यात ते वारले. त्याआधी मी नगरला दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा त्यांचं अंग पिवळं पडलं होतं. त्यांच्या सुनेनं मला चहा दिला. मी आमच्या जुन्या इमारतीची काहीतरी तक्रार सांगू लागले आणि सवयीनं वाक्य अर्ध्यात सोडून थांबले. ते काही बोलले नाहीत. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. डोळे उघडे होते, माझ्याकडेच होते.

सून कप उचलायला वाकली. त्यांनी पांघरुणावरून बोट वर केलं.

“थांब,” ते म्हणाले, “बाईंचा व्हायचाय.”