फेलिक्सची नापास बिअर

वसईच्या फेलिक्स तुस्कानोने दुबईत दहा वर्षं दुसऱ्यांचं काँक्रीट नापास केलं. तो एका बांधकाम कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होता. काँक्रीटचे ठोकळे लॅबमध्ये ठरलेल्या दाबाआधीच फुटले की तो कागदावर लाल पेनने ‘रिजेक्टेड’ लिहायचा, आणि मग मॅनेजरने चहा पाजला तरी ते खोडायचा नाही.

२००९च्या मार्चमध्ये मंदीमुळे त्याचा बेचाळीस मजली टॉवर अकराव्या मजल्यावर थांबला. कंपनीने त्याला काढलं नाही, बिनपगारी रजा दिली. काम सुरू झालं की बोलावू, इन्शाल्ला, असं एचआरवाला म्हणाला. बायको मिल्ड्रेड एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर होती. तिच्या पगारावर इंटरनॅशनल सिटीतला फ्लॅट आणि मुलीची, ॲनेटची, शाळा चालू राहिली.

शुक्रवारी दुपारची बिअर ही फेलिक्सची एकच चैन. पण दारू विकत घ्यायला तिथे लागणारं त्याचं लायसन्स संपलं होतं, आणि नव्यासाठी पगाराचं सर्टिफिकेट लागत होतं. ज्याचा पगार थांबलाय त्यालाच प्यावंसं जास्त वाटतं, ही गोष्ट फॉर्म तयार करणाऱ्याला सुचली नसावी.

म्हणून त्याने घरीच बिअर करायचं ठरवलं. हे कायद्यात बसत नाही, हे त्याला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तो नियम मोडत होता, आणि तेही अतिशय नियमाने. ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारातून नळी आणि थर्मामीटर आणला. पाण्याच्या मोठ्या बाटलीत बिनअल्कोहोलचं माल्टचं पेय, साखर आणि पावाचं यीस्ट घालून ती बाथरूममध्ये ठेवली. दर चार तासांनी तापमान लिहून ठेवू लागला. ॲनेट नाक धरून म्हणाली, “डॅड, इट स्मेल्स लाइक सॉक्स.”

तिचं खरं होतं. पहिली बिअर आंबट झाली, दुसरी कडवट, तिसरीला साबणाची चव आली. फेलिक्सने प्रत्येक खेपेचा रिपोर्ट लिहिला आणि प्रत्येकीवर लाल पेनने ‘रिजेक्टेड’ लिहून ती मोरीत ओतली. स्वतःचा माल म्हणून त्याने जराही सूट दिली नाही.

चौथ्या खेपेची एक बाटली भरदुपारी फुटली. आवाज ऐकून वॉचमन खैरुद्दीन दारात आला आणि वास कसला, असं विचारू लागला. फेलिक्सने घाईघाईने बाथरूमचं दार लोटलं. मिल्ड्रेड पुढे होऊन शांतपणे म्हणाली, “खमीर है, भाईसाब. हमारे गाँव की रोटी बनती है.”

खैरुद्दीनचा चेहरा खुलला. बन जाए तो चखाना, असं सांगून तो खाली गेला. आता रोटी करणं भाग होतं.

मिल्ड्रेडने फुगे करायचे ठरवले. वसईच्या लग्नांत मटणाबरोबर खातात ते फुगलेले, तळलेले गोळे. गावी त्यांचं पीठ ताडीने आंबवतात. खैरुद्दीनचं पीठ तिने मुद्दाम दुकानच्या यीस्टने वेगळं भिजवलं, कारण त्याला फसवून बिअर खाऊ घालणं तिच्या मनाला पटेना. त्यात यीस्टचं पाकीट संपलं. उरलेल्या पिठात तिने फेलिक्सच्या बाटलीच्या तळाचा गाळ घातला.

खैरुद्दीनचे फुगे बेताचेच झाले, तरी त्याने ते कौतुकाने खाल्ले. घरातले मात्र असे टम्म फुगले की ॲनेटने एकटीने नऊ संपवले.

नाताळात मिल्ड्रेडने ते चर्चच्या वसईकर मंडळींना वाटले. हुबेहूब गावची चव, असं म्हणताना एका म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग प्रत्येक बाप्तिस्म्याला, प्रत्येक वाढदिवसाला मिल्ड्रेडच्या फुग्यांची मागणी येऊ लागली. त्यासाठी फेलिक्सला दर पंधरवड्याला बिअर करावी लागे. एकही पिण्यालायक झाली नाही. गाळ मात्र दर वेळी उत्तम निघे, आणि त्याचा रिपोर्ट लिहायला त्याच्याकडे फॉर्मच नव्हता.

२०११मध्ये त्याला अबू धाबीत दुसरी नोकरी मिळाली, तरी सुट्टीच्या दिवशी तो बाथरूममध्ये खपायचा. चर्चच्या सणाला एकदा तो दुसऱ्यांदा प्लेट घेऊन फुग्यांच्या रांगेत उभा राहिला. वाढणाऱ्या बाईंनी त्याला सुनावलं, “तुम्हा पुरुषांना नुसतं खायला हवं. यामागे किती राबावं लागतं, कल्पना आहे का?”

थोडीफार आहे, असं म्हणून फेलिक्सने आणखी दोन फुगे मागून घेतले.