बिनकुलपाची खोली

"ती आमच्या घरातलीच हाय, साहेब. आमच्यात शिवाशिव न्हाय. सगळ्या वखारीत तिचाच वावर."

बेळगावच्या कोर्टात आण्णा हे कानडीतनं बोलला. मी त्याच्याकडं कामाला. निपाणीजवळ त्याची तंबाखूची वखार हाय आणि लगीन होऊन आल्यापास्नं मी तिथं राबले. मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी. बोलताना त्यानं माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाय. एवढी वर्षं त्याला आहो-जाहो केलं, आता तोंडाला येत न्हाय.

घरातलीच म्हणं! जल्मात पयल्यांदा मला घरातली म्हटलं, ते तुरुंगात घालायला.

वखारीच्या मागल्या अंगाला एक खोली हाय. आत आण्णाचा देव्हारा. त्या खोलीला कुलूप कधीच न्हवतं, नुसती कडी. मी महारवाड्यातली, मला उंबरा वलांडायची बंदी हुती, मग कुलूप कशाला लागतंय? एकदा झाडता झाडता माझा पाय आत पडला. वैनीनं, आण्णाच्या बायकोनं, माझ्यादेखत उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलं. मी बाजूला झाले. लाज मलाच वाटली.

भायरच्या मोठ्या दाराची किल्ली मातुर माझ्याकडं. दर दसऱ्याला आण्णा कुलपाला हळदकुंकू लावायचा आणि किल्ली माझ्या पदरात टाकायचा. वरनं टाकायचा, हाताला हात लागू न देता. तरी मी फुगायचे. किल्ली माझ्याकडं असती म्हणून वस्तीत सांगत सुटायचे. कसली येडी मी!

मग एक दिवस पोलिस आले. देव्हाऱ्याच्या मागं गांजाची पोती सापडली. वखार कोण सांभाळतंय, त्यांनी इचारलं. आण्णा मागं सरला. मीच म्होरं झाले. "सगळी वखार माझ्या हातात हाय," म्हटलं, ताठ मानेनं. झालं! त्यांनी तेच लिवून घेतलं, किल्ली घेतली आणि मला गाडीत बसवलं. मला वाटलं आण्णा मागनं येतील, सोडवतील. जामिनाला नवऱ्यानं म्हस इकली. आण्णा फिरकलासुदिक न्हाय.

माझी वकील एक तरणी बाई हाय. तिनं समजावलं. माल अंगावरच सापडाय पायजे असं न्हाय. जागा तुमच्या ताब्यात हुती आणि आत काय हाय ते तुमाला ठावं हुतं, एवढं त्यांनी दाखवलं की माल तुमचाच. किल्ली आणि तुमचं बोलणं, हाच त्यांचा पुरावा. मग तिनं इचारलं, त्या आतल्या खोलीत तुमी जात हुता का? मी खाली बघितलं. तिलाबी तवर हे सांगितलं न्हवतं. शिकलेल्या बाईम्होरं कसं सांगायचं, मला उंबरा शिवू देत न्हवते म्हणून? शेवटी सांगितलं. रडत न्हाय, दात खाऊन सांगितलं.

साक्षीच्या दिवशी तिनं आण्णाला तेच इचारलं. तवाच तो म्हटला, ती आमच्या घरातलीच. खोटं बोलला, आणि किती ग्वाड बोलला! मी आत जात हुते असं त्यानं म्हटलं की खोली माझी, पोती माझी. न्हाय म्हटलं तर मग खोली कुणाची, ते बारकं पोरबी सांगंल.

आता पुढच्या तारखेला जज्जसाहेब मला इचारणार. परवा वैनी घरी आली. माझ्या घरी! चटईवर बसली, माझ्या कपातनं चहा प्याली. तुझ्या पोरीचं शिक्षाण आमी करतो म्हटली. मोठा वकील देतो. फकस्त ते शिवाशिवीचं बोलू नगंस.

"तू बोललीस तर आण्णा अडकतील गं."

"मी बोलणार, वैनी. चहा झाला असंल तर उठा."

नवरा म्हणतो, मोठ्यांशी वैर नगं. म्हणू दे. जे वकिलीणबाईला सांगताना जीभ जड झालती, तेच भरल्या कोर्टात मोठ्यांदा सांगणार. कानडीत सांगणार, म्हंजे लिवणाऱ्याचं चुकायला नगं. सुटंन का न्हाय, ठावं न्हाय. पण शिवाशिवीची फिर्याद मी घालणार, आणि त्या येळंला पिंजऱ्यात आण्णा असंल. सुटले तर भायरनं घालीन. न्हाय सुटले, तर तुरुंगातनं घालीन.