गाडीचं पिवळं छत

हे गेल्यानंतर मुलं घर आवरायला आली, तेव्हा अंगणातली जुनी गाडी आता काढून टाकावी असं त्यांनी सुचवलं.  दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी जाऊन गाडीत बसले आणि सवयीने वर पाहिलं.

गाडी मुळात मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. सांगलीत त्यांचा हळदीचा व्यापार होता. इंग्रजांच्या वेळची ही काळी, गोल पाठीची गाडी त्यांनी तरुणपणी घेतली आणि नंतर तिच्या स्टिअरिंगच्या चाकाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हळद बघायला ते तिच्यातूनच गावोगाव जात. हळकुंड गाडीच्या दाराच्या कडेवर आपटून मोडायचं आणि आतला रंग बघायचा, ही त्यांची रीत. गाडीला हळदीचा वास येई. छताचं आतलं कापड छान पिवळं होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, किती हौसेने निवडलाय रंग.

एकोणीसशे सत्तर उलटलं त्या सुमाराला मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि गाडी पत्र्याखाली उभी राहिली. यांनी साखर कारखान्याच्या जीपवर हात बसवला होता, पण वडिलांना कधी स्वतः नेलं नव्हतं. गाडी मागितली की "बघू" एवढंच उत्तर मिळे.  त्या दिवशी हे जेवताना नुसता भात चिवडत बसत.

ऑपरेशनसाठी मामंजी साताऱ्याला लेकीकडे एसटीने गेले. ते बरे झाल्याचं कळल्यावर यांनी ठरवलं, आणायला गाडीच न्यायची. किल्ली आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, काढून दिली.

"न्हे," त्या म्हणाल्या. "पर तुज्या शेजारी बसतील का, ते मला इचारू नगंस."

उभ्या गाडीतलं छताचं कापड सुटून झोळीसारखं लोंबत होतं आणि डोक्याला लागत होतं. हे आधी ते धुवायला घेऊन बसले. मी ओसरीवर वाचत होते. थोड्या वेळाने यांनी अगदी हळू आवाजात हाक मारली, "जरा बाहेर येतेस?"

जाऊन पाहते तर छत लाल झालेलं. यांच्या हातात ब्रश, कोपरापर्यंत फेस, आणि वरून कुंकवाच्या पाण्यासारखे थेंब गळत होते. आत्याबाई मागून आल्या आणि हसता हसता पायरीवरच बसल्या.

"हळदीच्या घरात जलमलास आन् हळदीला साबण लावलास व्हय रं?"

हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण ते छत म्हणजे वर्षानुवर्षं उडालेल्या भुकटीने पडलेला एक मोठा हळदीचा डाग आहे, हे तोवर आम्हा बायकांच्याही लक्षात आलं नव्हतं. यांनी चोळून चोळून कापड फाडलंही होतं.

मग टांग्यांचे टप शिवणाऱ्या चाचांना बोलावलं. त्यांनी कडेच्या लाकडी पट्ट्या उचकटल्या. पट्टीखाली दबलेली कापडाची घडी निघाली, ती राखाडी रंगाची.

"मालक, हा हिचा जलमाचा रंग."

आत्याबाई म्हणाल्या, "पिवळंच लावा. त्यास्नी वळख पटाय पायजे."

हे संध्याकाळभर अंगणात येरझाऱ्या घालत होते. शेवटी म्हणाले, "राखाडीच लावू. गाडी घेतली तेव्हा आबांनी जे पाहिलं असेल, ते पुन्हा दिसू दे."

चाचांनी जुन्या कापडाच्या मापाने नवं बेतलं. त्याला आडवे नेफे शिवले, नेफ्यांतून छताच्या वाकवलेल्या कांबी ओवल्या, आणि कापड पुढून मागे ओढत बारीक खिळे मारले. "परकराला नाडी, हिला कांबी," मला म्हणाले. "काम त्येच." मग कापडावर पाणी शिंपडून गाडी उन्हात लावली. सांजेपर्यंत छत असं ताणून बसलं की यांनी बोट लावून पाहिलं आणि लगेच मागे घेतलं.

आम्ही दोघं साताऱ्याला पोचलो तेव्हा मामंजी जाड भिंगांचा चष्मा लावून बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावले, बराच वेळ वर बघत राहिले.

"कुणाची गाडी आणलीस?"

"आपलीच, आबा."

"आपली पिवळी हुती."

"ती हळद होती."

"आसं व्हय? मला ही धा वरसं सगळंच पिवळं दिसायचं. डागदर म्हनला मोतीबिंदू." त्यांनी छताकडे पुन्हा पाहिलं. "सगळाच मोतीबिंदू न्हवता म्हणायचा."

बोलता बोलता त्यांचा हात चाकाकडच्या दारावर गेला. वन्सं म्हणाल्या, "आबा, डागदरांनी बंदी केलीया." हात तसाच दारावर राहिला. मग ते मागे जाऊन बसले. मला पुढे बसावं लागलं.  कराड मागे पडेपर्यंत यांचे हात चाकावर आवळलेले दिसत होते.

पलूसच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्यांमागे थांबावं लागलं.

"सूनबाई, तू मागं ये," मामंजी म्हणाले.

ते पुढे, यांच्या शेजारी येऊन बसले. कोटाच्या खिशातून हळकुंड काढलं, दारावर आपटून मोडलं, चष्म्याजवळ धरलं. "रंग दिसतोय," पुटपुटले. मग अंगठा ओला करून हळकुंडाच्या मोडलेल्या तोंडावर घासला आणि हात वर करून यांच्या डोक्याच्या बरोबर वर नव्या कापडावर टेकवला.

"आबा, अहो, नवं आहे ते."

"नवं हाय म्हणूनच. नव्या कापडाला आधी हळदीचं बोट लावत्यात, येवढं बी ठावं न्हाई? चल आता, गाड्या सरल्या."

पुढे थोड्याच अंतरावर मामंजींची मान कलली. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत मी त्यांना पहिल्यांदा झोपलेलं पाहिलं. हे खड्डे चुकवत, फार सावकाश, सांगलीपर्यंत आले.

ते हळदीचं बोट छतावर अजून आहे, फिकट झालेलं. यांनी पुढे सगळी वर्षं छत स्वतःच कोरड्या फडक्याने पुसलं, आणि तेवढ्या जागेला वळसा घालून पुसलं.

संध्याकाळी मुलांनी गाडीचं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, विकायची तर विका. फक्त नेणाऱ्याला सांगा, छताला साबण लावू नका.