गादीला ऊन

माझ्या बायकोच्या मामांच्या मते माणसाची निम्मी दुःखं उशीच्या अभ्र्यातून येतात आणि उरलेली निम्मी उशिरा झोपल्यामुळे. महागाई, भाऊबंदकी, केस गळणं, मुलांचे मार्क, कशाचीही तक्रार घेऊन त्यांच्याकडे जा, ते चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे विचारणार, "चादर कधी बदलली होती?" मामा मूळचे अमरावतीचे. केंद्र सरकारच्या कुठल्याशा कार्यालयात नकाशे काढायला म्हणून चंडीगढला गेले, नोकरीभर सरळ रेषा काढल्या आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिले. लग्न केलं नाही. एकट्या माणसाला किती चादरी लागाव्यात? मामांकडे कपाटभर होत्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सुती, आणि त्यांच्या घड्यांच्या कडा अशा जुळलेल्या की एखादी ओढून घ्यायला हात धजावत नसे.

मी मोहालीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो आणि आम्ही जवळच्या खरड गावात भाड्याने फ्लॅट घेतला, तेव्हा रीतीप्रमाणे मामांना भेटायला गेलो. चहा येईपर्यंत मामा माझ्या उजव्या गालाकडे टक लावून बघत होते. मग म्हणाले, "जावईबापू, उजव्या कुशीवर झोपता नाही का?" मी गारच पडलो. "डावा गाल साफ आहे. उजव्यावर पुटकुळ्या उठून राहिल्या. डोक्याचं तेल उशीत जिरते, अन् तुम्ही तेच गालाला चोळून राहिले." आमच्याकडचा अभ्रा शेवटचा कधी धुतला होता ते मला आठवेना. बायकोला आठवत होतं आणि तिने ते सांगितलंही. त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा अभ्रा आणि एकदा चादर असा दंडक आमच्या घरात लागू झाला. गाल महिन्याभरात सुधारला. हे मान्य करायला मी तीन महिने लावले.

धुण्याच्या बाबतीत मामा कुणाचं ऐकत नसत. पाणी कढत हवं, साबणाची पूड पुडक्यावर लिहिलीय त्याच्या निम्मी, आणि खळबळणं तीनदा. तिसऱ्या पाण्यात बोट बुडवून ते चाखतील की काय अशी मला नेहमी भीती वाटायची. झोपेचंही तसंच. साडेनऊच्या ठोक्याला मामा झोपत, मग समोर कुणीही असो. खालच्या मजल्यावर त्यांच्या घरमालकीण बीजी राहत. त्यांच्या नातवाच्या लग्नाला मामा नवा कोट घालून सगळ्यांच्या आधी पोचले, मांडवात एकटेच बसले, आहेर दिला, गोलगप्पे खाल्ले आणि वरात यायच्या आत घरी येऊन झोपले. पंजाबी लग्नात जेवण सुरू व्हायलाच अकरा वाजतात. दुसऱ्या दिवशी बीजी रागावल्या तर म्हणाले, "बीजी, लग्न एक दिन का है, झोप रोज की है."

आमच्या ईराला पाचवं वर्ष लागलं त्या हिवाळ्यात तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणींत इसब उमटलं. कोरडी थंडी पडली की लालभडक चट्टे उठत आणि पोर खाजवून खाजवून रडकुंडीला येई. डॉक्टरांनी मलम दिलं, आंघोळीनंतर लगेच अंगाला लावायला क्रीम दिलं, नखं कापा, लोकर अंगाला लागू देऊ नका, अंथरूण गरम पाण्यात धुवा, झोपेची वेळ पाळा असं सांगितलं. आणि जाताजाता म्हणाले की काही मुलांना दमट हवा मानवते. बायकोने ते शेवटचं वाक्य घट्ट धरून ठेवलं. त्या रविवारी ती मामांसमोर म्हणाली, "हिवाळा संपेपर्यंत फरक पडला नाही, तर आम्ही पुण्याला बदली मागणार." मामा उशांना अभ्रे घालत होते. चौथा अभ्रा त्यांनी उलटा घातला, हे मी पाहिलं.

आम्ही सोडून मामांचं तिथे मराठी बोलायला कुणी नव्हतं. त्यांनी आम्हाला 'राहा' असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी ईराचं अंथरूण हातात घेतलं. "मलम डॉक्टरचं, अंथरूण माझं," एवढंच म्हणाले. आमच्या फ्लॅटमध्ये ऊन यायचं नाही, मामांच्या गच्चीवर मुबलक. तेव्हा ईराची गादी दर रविवारी गाडीच्या टपाला बांधून खरडहून चंडीगढला न्यायची असं ठरलं. पहिल्या रविवारी बीजी फाटकातच उभ्या होत्या. "की होया जी? घर बदल लिया?" मामा छाती काढून म्हणाले, "नहीं बीजी, बच्ची की तबियत का सवाल है. डॉक्टर बोला, गादी को ऊन चाहिए. जितना ऊन, उतना अच्छा."

आता आपलं ऊन म्हणजे त्यांची धूप, आणि त्यांची ऊन म्हणजे आपली लोकर. मी हे मामांना पूर्वीही समजावलं होतं. पण 'धूप' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. "धूप देवाला दाखवतात. गादीची काय पूजा करून राहिलो आपण?" पुढच्या दोन रविवारी बीजी दिसल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी त्या धापा टाकत गच्चीवर आल्या आणि एक भलंमोठं लाल गाठोडं मामांच्या हातात दिलं. डोळे दुखेपर्यंत बसून त्यांनी ईराच्या गादीसाठी लोकरीची अख्खी खोळ विणली होती. "लो जी, ऊन. असली पहाड़ी. ऐना निघ कित्थों मिलना!" म्हणजे, एवढी ऊब दुसरीकडे कुठे मिळणार! डॉक्टरांनी नेमकी जी एक गोष्ट वर्ज्य सांगितली होती, तीच ही. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामांनी माझा पाय दाबला. "बहुत सुंदर, बीजी," ते म्हणाले, आणि ती खोळ त्यांनी स्वतःच्या गादीला घातली. बीजी कधीही वर येऊन बघतील म्हणून ती त्यांनी काढलीच नाही. जन्मभर पांढऱ्या सुती चादरीवर निजलेला तो माणूस पुढचा महिनाभर पाठ खाजवत हिंडत होता.

ते रविवार आठवले की मला अजून पेंग येते. अकरापर्यंत धुकं असायचं, मग ते हलकेच उठायचं आणि पिवळंधमक ऊन गच्चीभर पसरायचं. दोरीवर चादरी वाळत घातलेल्या, त्यांच्या मधल्या बोळांतून ईरा पळायची, तिची सावली या चादरीवरून त्या चादरीवर जायची. मामा गादी उलटी करायचे, थोपटायचे, पुन्हा सुलटी करायचे. जेवण झालं की त्या तापलेल्या गादीवर आम्ही सगळे आडवे व्हायचो. शेंगदाण्याची टरफलं, लांबवर कुणाचा तरी रेडिओ, कापसाचा करपूस वास, आणि आपण झोपलोय की जागे आहोत हे नीटसं न कळणं. ईरा झोपेत बडबडायची, "मामाआजोबा, और कहानी." मामा तिच्या कोपराखाली मऊ फडकं सरकवत कुजबुजायचे, "झोप रे राजा, कहाणी कुठे पळून नाही राहिली."

फेब्रुवारीत एका दुपारी बायको ईराच्या कोपरावरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसली होती. कातडी मऊ झाली होती. गुण मलमाचा, क्रीमचा की अंथरुणाचा, देव जाणे. मामांनी श्रेय घेतलं नाही, फक्त बाजारात जाऊन आणखी दोन चादरी आणल्या. पण डिसेंबरात घाबरून मी जो बदलीचा अर्ज केला होता, तो मार्चमध्ये मंजूर होऊन आला. नको म्हणायची सोय नव्हती, मोहालीची आमची टीमच बंद होत होती. सांगायला गेलो तेव्हा मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुण्यात गच्ची आहे ना?" आमच्याबरोबर चला म्हटलं तर हसले. "पावसाळ्यात तिथे अंथरूण वाळत नाही, जावईबापू."

आम्ही पुण्याला येऊन दोन वर्षं होत आली. ईराची त्वचा चांगली आहे, इसब हिवाळ्यात थोडं डोकं वर काढतं तेवढंच. मामांचा फोन रविवारी अकराला येतो. अभ्रे बदलले का, पोरगी किती वाजता झोपते, साबण किती टाकता, एवढंच विचारतात. स्वतःचं काही सांगत नाहीत. गेल्या रविवारी मीच विचारलं, "आणि तुमच्या चादरी? धुतल्या आज?" मामा म्हणाले, "धुतल्या ना. पण इथे आता अभ्रे मळतच नाहीत. स्वच्छच धुऊन राहिलो मी."

फोन ठेवला आणि तिकिटं काढली. डिसेंबरात आम्ही तिघं चंडीगढला जातोय. मामांना कळवलेलं नाही. तेल लावलेली डोकी घेऊन, प्रवासाची धूळ न झटकता आम्ही थेट त्यांच्या अंथरुणावर जाऊन लोळणार आहोत, आणि त्यांच्या सगळ्याच्या सगळ्या चादरी मनसोक्त मळवून येणार आहोत.