केरसुणीची देवघरापर्यंतची वाट

मुंबईस नोकरीला असलेल्या जावयांनी परवा एका इंग्रजी मासिकातले चित्र दाखवले. विजेवर चालणारे, चाकांवरचे एक डबडे. त्याच्या नळीने धूळ ओढून घ्यायची. दगडी जमिनीस नळीचे एक तोंड, गालिच्यास दुसरे. जमीन पाहून निवड करावी लागते, असे ते कौतुकाने समजावीत होते. आमच्या गावी विजेचा दिवाही नाही, म्हणून मुलगी हसली. मला हसू आले नाही. ही निवड माझ्या घरात तीस वर्षे होत होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

आमचे घर म्हसावदच्या बाजूला. ओसरीस दगडी फरशी, माजघरात चोपून बसवलेली माती, आणि देवघरात पांढरी माती नि शेण कालवून केलेले गुळगुळीत सारवण. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सोमवारी पत्नीने देवघर सारवले आणि त्याच आठवड्यात ती तापाने गेली. अशौच फिटल्यावर शेजारच्या बायका घर सारवायला आल्या. मी त्यांना देवघराच्या उंबऱ्याशी थांबवले; गोमूत्र शिंपडून तेवढ्यावर शुद्धी मानली. शास्त्र शिकलेल्या माणसाने काढलेली ती पळवाट होती. सारवणावर तिच्या तळव्याच्या अर्धगोल रेषा होत्या, भिंतीलगतच्या कोपऱ्यात चार बोटांची टोके उमटली होती. ते ठसे मला पुसू द्यायचे नव्हते.

आश्विन अमावास्येस शेजाऱ्यांकरवी शिंदीची नवी केरसुणी मागवली. त्या वर्षी सण करायचा नव्हता, तरी लक्ष्मी म्हणून तिला हळदकुंकू वाहिले. देवाला कोरे तेच द्यावे या बुद्धीने ती थेट देवघरात नेली. तिथली जुनी, झिजून हातभर उरलेली केरसुणी मला देवापाशी शोभेना, ती उकिरड्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी स्नान करून, स्तोत्र म्हणत, मी देवघर झाडू लागलो. करकर आवाज येत होता. तो स्वच्छतेचा आवाज वाटून मी अधिक जोर दिला. स्तोत्र संपले तेव्हा खाली पाहिले. सारवणाचे पापुद्रे निघाले होते आणि अर्ध्या देवघरातल्या रेषा केराबरोबर उंबऱ्याशी गोळा झाल्या होत्या.

तो केर मी दोन दिवस भरला नाही.

पुढच्या बाजाराला मी स्वतः गेलो. केरसुण्या विकणारी बाई सातपुड्याच्या पायथ्याकडून येई; पत्नी वर्षानुवर्षे तिच्याकडूनच घेत असे. मला पाहून ती बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाली, "महाराज, आज तुम्ही? बाई कोठे शे?"

"ती गेली. श्रावणात."

तिचे हात विणीवरच थांबले. मी तक्रारच पुढे केली. "तुझी केरसुणी चांगली नाही. जमीन फाडली तिने."

"कोनती जमीन?"

"देवघराची."

"नवी केरसुणी एकदम देवघरमा?" तिने कपाळाला हात लावला. "इतल्या पोथ्या वाचात महाराज, पन झाडू धराले कोनी शिकाडं नही का?"

शेजारची मिरच्यांची विक्रेती हसली. ही मात्र हसली नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "बाई पहिलं वरीस दगडवर झाडे. टोकं घसाई गयात का मंग माजघर. एकदम मऊ व्हयनी का मंग देव. माले सांगे, तुन्ही केरसुणी तिसरा वरीसले मन्हा देवपाशी जास."

मी काही न घेता परतलो.

त्या दिवसापासून नवी केरसुणी ओसरीवर आली. देवघर मी ओल्या पंच्याने हलकेच टिपून घेई. पण फाटलेले सारवण टिकले नाही. पौषात समईवर माती बसू लागली, तेव्हा पांढरी माती कालवून मी स्वतःच सारवायला बसलो. तिचा हात जिथे एका फेरीत पोहोचे, तिथे माझ्या तीन फेऱ्या होत. भिंतीलगतचा तो कोपरा तेवढा सोडला.

ओसरीवर झाडण्यासारखे फारसे नसे. येणाराजाणारा उरला नव्हता, मुलगी वर्षातून एकदा येई. तरी रोज सकाळी फरशी झाडीत असे. टोके झिजावीत म्हणून स्वच्छ फरशीही पुन्हा झाडी. दुसऱ्या वर्षी केरसुणी माजघरात आली. तिसऱ्या वर्षी, श्रावणातल्या सोमवारी, पूजेआधी ती देवघरात नेली आणि प्रथम त्या कोपऱ्यावरूनच फिरवली. चार बोटांची टोके जिथल्या तिथे राहिली.

आवाज मुळीच आला नाही. पत्नी असताना रोज पहाटे मी माजघरात संध्येला बसे, देवघर दहा हातांवर. तिथून झाडण्याचा आवाज कधी ऐकल्याचे मला आठवत नाही. तीस वर्षे मी समजत होतो की देवघरात केर पडतच नसावा.